खडूच्या रिंगणाबाहेर

कोलकात्याच्या जोडासाँको भागातील ठाकूरवाड्यात श्याम नावाचा एक नोकर होता. लहान मुलाला सांभाळण्याची त्याची रीत सोपी होती. मुलाला एका जागी बसवायचे, त्याच्याभोवती खडूने रिंगण काढायचे आणि रेघ ओलांडलीस तर संकट कोसळेल, असा धाक घालून आपण निघून जायचे. रेषा ओलांडल्यावर सीतेवर कोणता प्रसंग ओढवला, हे त्या मुलाने रामायणात ऐकले होते. त्यामुळे तो निमूट बसून राही. रिंगण खिडकीपाशी असे. खाली तळे, काठावर भला मोठा वड, आणि नाना तऱ्हांनी स्नान करणारी माणसे. पाय रिंगणात ठेवून तो मुलगा दिवसभर बाहेरचे जग पाही. हा मुलगा म्हणजे रवींद्रनाथ ठाकूर.

रवींद्रनाथांचा जन्म ७ मे १८६१ रोजी झाला. ओरिएंटल सेमिनरी, नॉर्मल स्कूल, बंगाल अकॅडमी, सेंट झेवियर्स अशा एकामागून एक शाळा त्यांनी पाहिल्या, पण एकीतही त्यांचे मन रमले नाही. घरच्या व्हरांड्यात ते ‘शाळा शाळा’ खेळत. कठड्याचे गज हे त्यांचे विद्यार्थी, आणि हातात छडी! गजांना काय शिकवायचे हे त्यांना ठाऊक नव्हते, मारायचे कसे हे मात्र पक्के कळले होते. मुले आपल्याकडून सर्वांत आधी काय उचलतात, हे सांगणारा हा खेळ शिक्षकी पेशातील प्रत्येकाने आठवणीत ठेवावा असा आहे.

१८७३ साली, मुंज झाल्यावर, वडील देवेंद्रनाथ त्यांना हिमालयाच्या यात्रेला घेऊन निघाले. वाटेत बोलपूरजवळ शांतिनिकेतनात मुक्काम झाला. तिथल्या माळावरचे रंगीबेरंगी खडे मुलगा रोज गोळा करून आणी. महर्षी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वडिलांनी तो कचरा फेकायला सांगितला नाही; तळे खणताना निघालेल्या मातीची जी टेकडी तिथे होती, ती या खड्यांनी सजवायला सांगितले. आपल्या किमती घड्याळाला किल्ली देण्याचे कामही त्यांनी मुलावर सोपवले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की घड्याळ दुरुस्तीसाठी कोलकात्याला धाडावे लागले. तरीही मुलावरचा वडिलांचा विश्वास ढळला नाही. पुढे डलहौसीच्या डोंगरात त्यांनी त्याला एकट्याने हिंडू दिले.

शाळा सुटली, तरी शिक्षण थांबले नाही. घरी पहाटेच्या कुस्तीपासून रात्रीच्या धड्यांपर्यंत अभ्यास चाले. १८७८ साली, इंग्लंडला जाण्यापूर्वी, सतरा वर्षांचे रवींद्रनाथ मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरी राहिले. इंग्रजीचा सराव त्यांना डॉक्टरांच्या कन्या अन्नपूर्णा यांनी करून दिला, आणि रवींद्रनाथांनी त्यांना ‘नलिनी’ हे काव्यमय नाव दिले. एका मराठी घराने या विद्यार्थ्याला काही शिकवले, याचा महाराष्ट्राबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आम्हाला विशेष आनंद वाटतो. इंग्लंडहून ते पदवी न घेताच परतले.

शाळेतून पळालेल्या या मुलाने पुढे शाळाच काढली. २२ डिसेंबर १९०१ रोजी शांतिनिकेतनात अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी तिचा आरंभ झाला. वर्ग झाडांखाली भरत. ऋतू बदलले की त्यांचे उत्सव होत. गाणे आणि नाटक हे अभ्यासाचेच भाग होते. ही मोकळीक म्हणजे शिथिलता नव्हे. मुलांना पहाटे उठावे लागे, आपली कामे आपणच करावी लागत. शाळा चालावी म्हणून पत्नी मृणालिनीदेवींनी आपले दागिने दिले. नोबेल पारितोषिक मिळाले ते १९१३ साली. म्हणजे ही बारा वर्षे त्या शाळेमागे जगाची शाबासकी नव्हती.

पण त्यांच्यातील मूल सर्वांत ठळकपणे दिसले ते उतारवयात. कवितेच्या हस्तलिखितात शब्द खोडण्याची वेळ प्रत्येक कवीवर येते. रवींद्रनाथ त्या खोडलेल्या शब्दांना एकमेकांशी रेघांनी जोडू लागले. त्यातून कधी पक्षी, कधी विचित्र प्राणी, कधी मुखवट्यासारखा चेहरा उमटे. १९२४ साली अर्जेंटिनात मुक्कामी असताना ‘पूरबी’तील कवितांच्या वहीत अशा आकृत्या पाहून त्यांच्या यजमान लेखिका व्हिक्टोरिया ओकाम्पो चकित झाल्या. त्यानंतर काही वर्षांतच ते स्वतंत्र चित्रे काढू लागले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळालेले नव्हते. हाती लागेल ती शाई आणि रंग ते वापरत, कधी बोटांनी, कधी चिंधीने रंग पसरवीत. बहुतेक चित्रांना त्यांनी नावेही दिली नाहीत.

यात धोका नव्हता असे नाही. जगाने महाकवी मानलेल्या माणसाने ज्या कलेचे शिक्षण घेतले नाही ती लोकांपुढे मांडायची, म्हणजे हसे होण्याची तयारी ठेवायची. १९३० च्या मे महिन्यात, एकोणसत्तराव्या वर्षी, ओकाम्पोंच्या पुढाकाराने पॅरिसच्या पिगाल गॅलरीत त्यांचे पहिले प्रदर्शन भरले आणि मग ती चित्रे युरोप-अमेरिकेतील अनेक शहरांत गेली. १९३७ साली त्यांनी ‘खापछाडा’ हे गमतीच्या कवितांचे पुस्तक स्वतःच्या चित्रांसह प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी ‘विश्वपरिचय’ हे विज्ञानाचे पुस्तकही लिहिले. ७ ऑगस्ट १९४१ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा मागे दोन हजारांहून अधिक चित्रे राहिली होती.

हे चरित्र वाचताना मला माझीच एक चूक सलते. नोकरीच्या पहिल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीने वहीत चुकलेले उत्तर खोडले आणि त्या खाडाखोडीचा मासा केला; त्याला डोळा, कल्ले, शेपूट, सारे काही होते. मी त्यावर लाल शाईने फुली मारली आणि स्वच्छतेचे दोन गुण कापले. तिने पुन्हा वहीत मासा काढला नाही. वर्षअखेरीस तिच्या स्वच्छ वहीचे मी वर्गात कौतुक केले, तेव्हा आपण काय केले हे माझ्या लक्षातही आले नव्हते.

आज हीरक महोत्सवी वर्षात शाळेची इमारत, निकाल आणि माजी विद्यार्थ्यांचे यश यांचा अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. नियमांवाचून शाळा चालत नाही, हेही तीस वर्षांच्या अनुभवाने मला शिकवले आहे. पण पालकहो, संध्याकाळी मुलाची वही उघडाल तेव्हा लाल शाईच्या आधी कोपऱ्यातल्या रेघांकडे पाहा आणि हे काय काढले आहेस, एवढे विचारा. आम्ही शिक्षकांनीही आता तसे करण्याचे ठरवले आहे.

ती मुलगी आता चाळिशीच्या आसपास असेल, कदाचित हा अंक तिच्या हाती असेल. बाई चुकल्या होत्या, मुली. मासा सुंदर होता.