विश्लेषण : विषाणू पकडणाऱ्या अँटीबॉडीचे तंत्र देणाऱ्या मिलस्टाईन यांना पेटंट का मिळाले नाही?

कोविडच्या काळात किटवर ‘टी’ अक्षरासमोर रेघ उमटली की घरात धावपळ उडायची. ती रेघ उमटवण्याचे काम अँटीबॉडी करतात. त्या विषाणूचे एक ठरावीक प्रथिन तेवढे पकडतात. अशा एकसारख्या, म्हणजेच मोनोक्लोनल अँटीबॉडी हव्या तितक्या बनवण्याचे तंत्र सेझार मिलस्टाईन आणि जॉर्ज कोहलर यांनी १९७५ मध्ये जगासमोर मांडले.

मिलस्टाईन मूळचे अर्जेंटिनाचे. १९२७ मध्ये बाहिया ब्लांका शहरात, ज्यू कुटुंबात जन्म. केंब्रिजमध्ये संशोधन करून ते मायदेशी परतले, पण १९६२ च्या लष्करी उठावानंतर त्यांच्या संस्थेतील सहकाऱ्यांना काढून टाकण्यात आले. मिलस्टाईन यांनी राजीनामा दिला आणि १९६३ मध्ये पुन्हा केंब्रिज गाठले. फ्रेडरिक सँगर यांच्या सल्ल्याने ते अँटीबॉडीकडे वळले.

अडचण काय होती?

तोवर प्राण्याला विषाणू टोचून त्याच्या रक्तातून अँटीबॉडी काढल्या जात. ती निरनिराळ्या पेशींनी बनवलेल्या अँटीबॉडींची खिचडी असे. प्राणी बदलला की मिश्रणही बदलायचे. मग दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष जुळणार कसे? एक पेशी एकाच प्रकारची अँटीबॉडी बनवते, पण शरीराबाहेर ती फार टिकत नाही. मिलस्टाईन आणि त्यांच्याकडे आलेले तरुण जर्मन संशोधक कोहलर यांनी तिचा संयोग उंदराच्या कर्करोगपेशीशी घडवला. कर्करोगपेशी थांबतच नाही, वाढतच राहते. या जोडपेशीत दोघींचेही गुण उतरले.

पेटंटचे काय झाले?

शोधनिबंध ‘नेचर’मध्ये छापून येण्याआधीच मिलस्टाईन यांनी ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेला कळवले होते. पेटंट पाहणाऱ्या सरकारी महामंडळाचे उत्तर आले ते १९७६ मध्ये: लगेच व्यवहारात उपयोग होईल असे दिसत नाही. तोवर निबंध छापून झाला होता आणि छापलेल्या शोधावर ब्रिटनमध्ये पेटंट मिळत नाही.

मिलस्टाईन मात्र मागेल त्या प्रयोगशाळेला आपल्या पेशी देत राहिले. फिलाडेल्फियातील विस्टार संस्थेच्या हिलरी कोप्रोव्स्की यांनाही त्या मिळाल्या, पेटंट घेऊ नये या विनंतीसह. तिथे उत्तम काम झाले, हे मान्य करावे लागेल. रेबीजचा विषाणू सगळीकडे सारखाच, असा समज होता. १९७८ मध्ये कोप्रोव्स्की आणि टाडेउश विक्टर यांनी मोनोक्लोनल अँटीबॉडी वापरून त्याच्या प्रकारांतले फरक दाखवले. विनंती मात्र कागदावरच राहिली. कोप्रोव्स्की आणि सहकाऱ्यांना अमेरिकेत १९७९ मध्ये कर्करोगाच्या आणि १९८० मध्ये विषाणूंच्या अँटीबॉडींवर पेटंट मिळाले. ज्या पेशींवर हे काम उभे होते, त्या केंब्रिजहून मोफत गेल्या होत्या.

१९८४ चे नोबेल मिलस्टाईन, कोहलर आणि नील्स येर्ने यांना विभागून मिळाले. कोहलर १९९५ मध्ये, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी गेले. मिलस्टाईन यांचे २४ मार्च २००२ रोजी केंब्रिजमध्येच निधन झाले.