धुराड्यातील पहारेकरी : युजीन हूद्री

ठाणे / प्रतिनिधी

वेगवान मोटारीचा मूळ सायलेन्सर बदलून घेण्याची हौस ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील तरुणाईला नवी नाही. घोडबंदर रस्त्यावर किंवा कल्याण-शीळ मार्गावर रात्री कानी पडणारा घुमारा बहुधा याच हौसेतून उमटतो. कोणता एक्झॉस्ट बसवावा, याची चर्चा रंगते ती आवाज, ताकद आणि किंमत या तीन मुद्द्यांवर. चौथा मुद्दा मात्र नजरेआड राहतो. तो म्हणजे धुराड्यातून बाहेर पडणारी हवा. हा मुद्दा जगापुढे आणणारे फ्रेंच अभियंते युजीन हूद्री हे स्वतः शर्यतीच्या मोटारींचे निस्सीम चाहते होते.

हूद्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळील दोमाँ येथे झाला. पोलादाच्या व्यवसायातील सधन घराण्याचे ते वारस. यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण पूर्ण करून ते वडिलांच्या उद्योगात दाखल झाले. पहिल्या महायुद्धात रणगाडा दलात लढताना १९१७ मध्ये ते जखमी झाले. युद्धानंतर त्यांना मोटारींच्या शर्यतीचे वेड लागले. १९२२ मध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन इंडियानापोलिसची शर्यत आणि फोर्डचा कारखानाही पाहिला. इंजिन कितीही उत्तम असले, तरी इंधन हलके असेल तर वेग साधत नाही, हे त्यांच्या मनाने घेतले.

घरच्या पोलादावरून त्यांचे लक्ष आता पेट्रोलकडे वळले. जड खनिज तेलापासून उत्तम पेट्रोल मिळवण्यासाठी त्यांनी उत्प्रेरकाचा, म्हणजे स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रियेला गती देणाऱ्या पदार्थाचा, आधार घेतला. या पदार्थावर कार्बनची पुटे चढत आणि तो निकामी होई. ती पुटे जाळून उत्प्रेरक पुन्हा कामाला लावण्याची युक्ती हूद्री यांनी सिद्ध केली. १९३० मध्ये ते अमेरिकेत आले आणि १९३७ मध्ये मार्कस हुक येथे सन ऑइल कंपनीचा या पद्धतीचा मोठा प्रकल्प सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना उच्च प्रतीचे इंधन मिळाले, त्यात या पद्धतीचा वाटा मोठा होता. नाझींशी हातमिळवणी करणाऱ्या व्हिशी सरकारला विरोध केल्याबद्दल त्यांचे फ्रेंच नागरिकत्व हिरावले गेले. १९४२ मध्ये ते अमेरिकेचे नागरिक झाले.

ज्या इंधनाने मोटारी वेगवान केल्या, त्याच्याच धुराने शहरे काळवंडत आहेत, हे त्यांना युद्धानंतर अस्वस्थ करू लागले. त्यासाठी त्यांनी स्वतंत्र कंपनी काढली आणि १९५६ मध्ये मोटारीच्या धुरासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचे पेटंट मिळवले. परंतु त्या काळच्या पेट्रोलमधील शिसे उत्प्रेरकाला निकामी करीत असे. आपले यंत्र रस्तोरस्ती धावताना पाहण्यापूर्वीच, १८ जुलै १९६२ रोजी हूद्री यांचे निधन झाले. अमेरिकेत ते सरसकट बसू लागले १९७५ च्या सुमारास, शिसेविरहित पेट्रोल आल्यावर.

भारतात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. कल्याण-डोंबिवली परिसरातील प्रीमियरच्या कारखान्यात पीजो ३०९ मोटारी तयार होत होत्या, तो हाच काळ. देशभर शिसेविरहित पेट्रोल आले २००० मध्ये.

एक्झॉस्ट निवडताना हूद्री यांचे हे कार्य विसरून चालणार नाही. कन्व्हर्टर जागेवर ठेवून केवळ त्यामागील नळी व सायलेन्सर बदलता येतो. इंजिनलगतचा हेडर बदलताना मात्र अनेक मोटारींत कन्व्हर्टरही निघतो, आणि सरळ नळी बसवली तर तो उरतच नाही. मग विषारी कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले इंधन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे थेट रस्त्यावर येतात. मूळ रचनेत फेरफार करण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चे बंधन आहे, हे वेगळेच. थोड्याशा ताकदीसाठी हा पहारेकरी हटवायचा का, हे ठरवताना सिग्नलवर आपल्या मागे उभ्या असलेल्या दुचाकीस्वाराचाही विचार व्हावा. तो धूर त्याच्याच छातीत जाणार असतो.