जळगाव-धुळे एवढं अंतर, अडीच हॉर्सपॉवर आणि बर्था बेंझ

मागच्या आठवड्यात मर्सिडीज-बेंझ १९० ई २.३-१६ या जुन्या जर्मन स्पोर्ट्स सेडानचे स्पेसिफिकेशन्स काढत बसलो होतो. १९८३ सालची गाडी. २२९९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, कॉसवर्थनं बनवलेलं १६ व्हॉल्व्हचं हेड, १८५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना डिस्क ब्रेक. विक्रीआधी इटलीत नार्दोच्या गोल ट्रॅकवर, विक्रमासाठी खास तयार केलेल्या गाड्या ५०,००० किमी पळवल्या. सरासरी वेग ताशी सुमारे २४८!

पण या घराण्याची पहिली लांबची टेस्ट ड्राइव्ह एका बाईनं केली होती, तीही नवऱ्याला न सांगता. स्पेसिफिकेशन्स राहू द्या बाजूला, आज तिचीच गोष्ट सांगतो.

बर्था रिंगर. जन्म ३ मे १८४९, गाव फोर्झहाइम. कार्ल बेंझ या इंजिनिअरशी लग्न ठरलं तेव्हा त्याचं वर्कशॉप भागीदारामुळे अडचणीत होतं. बर्थानं लग्नाआधीच हुंड्याची रक्कम वडिलांकडून मागून घेतली आणि त्या भागीदाराला बाहेर काढलं. (आपल्या खान्देशात हा पैसा कुठे जातो ते मी सांगायला नको.) १८७२ मध्ये लग्न झालं. पुढची कित्येक वर्षं ओढगस्तीची. २९ जानेवारी १८८६ ला तीनचाकी मोटारीच्या पेटंटचा अर्ज गेला, तो एकट्या कार्लच्या नावानं. बायकोचा पैसाही तेव्हा कायद्यानं नवऱ्याच्याच ताब्यात जायचा.

गाडी तयार, पण गिऱ्हाईक नाही. लोक घाबरायचे आणि कार्ल सुधारणाच करत बसायचा. १८८८ च्या ऑगस्टमध्ये एका पहाटे बर्थानं युजेन आणि रिचर्ड या दोन मुलांना घेतलं, गाडी बाहेर काढली आणि मॅनहाइमहून माहेरी निघाली.

माझ्या बायकोचं माहेर धुळे. जळगावहून पाळधी, एरंडोल, पारोळा करत नव्वदेक किलोमीटर. बर्थाचा रस्ता शंभरच्या थोडा वर होता, म्हणजे आपल्यापेक्षा किंचित जास्तच. इंजिन एक सिलिंडरचं, दोन-अडीच हॉर्सपॉवर. आजच्या साध्या स्कूटीलाही याहून जास्त असते! रेडिएटर नाही, पाणी वाफ होऊन उडायचं, म्हणून वाटेत जिथे मिळेल तिथे भरायचं. इंधन संपलं तेव्हा वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून लिग्रोइन घेतलं. ते कपडे साफ करायला वापरायचे. पेट्रोल पंप ही कल्पनाच नव्हती, त्यामुळे जगातला पहिला पंप म्हणून ते मेडिकलच मिरवतं.

नळीत कचरा अडकला, तो तिनं टोपीच्या पिननं काढला. इग्निशनची वायर उघडी पडली, तर मोज्याचा इलॅस्टिक पट्टा गुंडाळला. चढाला मुलं उतरून ढकलायची. उताराला लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. ब्रेक लायनिंग म्हणतात ते हेच! संध्याकाळी माहेरी पोचल्यावर नवऱ्याला तार केली. काही दिवसांनी गाडी चालवतच परतली आणि चढासाठी आणखी एक गिअर हवा, हे कार्लला बजावलं. त्यानं तो बसवला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळालं.

पुढचं सगळं कंपनीच्या इतिहासात आहेच. १९२६ ला डाइमलरशी विलीनीकरण झालं, १९२९ ला कार्ल गेला. बर्था त्यानंतर १५ वर्षं जगली. कार्ल ज्या कार्ल्सरूहच्या तंत्रशाळेत शिकला, तिनं ३ मे १९४४ ला, बर्थाच्या ९५ व्या वाढदिवशी, तिला मानद सिनेटर केलं. दोन दिवसांनी लाडेनबुर्गच्या घरी ती वारली.