पंडिता रमाबाईंचा शेजारधर्म

(५ एप्रिल हा पंडिता रमाबाई यांचा स्मृतिदिन. त्यानिमित्त त्यांच्या जीवनकार्याचे हे स्मरण.)

नांदेड-लातूरहून कुर्डुवाडीमार्गे पुण्याकडे निघालेल्या प्रवाशाला दौंड मागे पडल्यावर केडगाव नावाचे एक लहानसे स्थानक लागते. पुणे जवळ आल्याच्या गडबडीत त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मात्र सव्वाशे वर्षांपूर्वी दुष्काळाने घरदार गमावलेल्या शेकडो स्त्रिया आणि मुली याच गावच्या माळरानावर आणल्या गेल्या. त्यांना आणणारी स्त्री स्वतःही एका दुष्काळातून जिवंत राहिलेली होती.

दुष्काळ आणि आपत्ती मराठवाड्याला नव्या नाहीत. १९७२चा दुष्काळ येथील घराघरांत अजून सांगितला जातो. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त केली, तेव्हा उघड्यावर पडलेल्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. आपल्या नात्यागोत्याच्या नसलेल्या मुलांची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाला तेव्हा अनेकांनी आपापल्या परीने उत्तर दिले. पंडिता रमाबाईंनी तेच उत्तर जवळजवळ शंभर वर्षे आधी दिले होते. त्यासाठी त्यांना जी किंमत मोजावी लागली, ती समजून घेतल्याखेरीज त्यांचे मोठेपण कळत नाही.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथील अरण्यातल्या आश्रमात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान. स्त्रीला संस्कृत शिकवू नये, हा रूढ दंडक झुगारून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले आणि त्यापायी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला. पुढे आईने मुलीला शिकवले. गाठीचा पैसा संपल्यावर हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, देवळांतून पुराणे सांगत देशभर फिरू लागले. मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही, पुराण सांगून जे मिळेल त्यावर राहायचे, असा त्यांचा नेम होता.

१८७०च्या दशकातील दुष्काळाने हा नेम मोडला. दक्षिणेत अन्न मिळेनासे झाले. पुराण ऐकायलाही कोणी उरले नाही. रानातील पाला खाऊन दिवस काढावे लागले. वृद्ध वडिलांनी जलसमाधी घेण्याचा विचार केला, तेव्हा जातीचा अभिमान सोडून आपण मजुरी करू, असे मुलाने सांगितले. पण तोवर फार उशीर झाला होता. वडील, आई आणि थोरली बहीण असे तिघेही एकामागोमाग गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हे दोघे हजारो मैलांची पायपीट करीत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोहोचले. तेथील विद्वानांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. एका स्त्रीला असा मान मिळावा, ही त्या काळातील अपूर्व गोष्ट होती.

मात्र सुख फार काळ टिकले नाही. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी जातिबंधन तोडून नोंदणी पद्धतीने विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, पदरी तान्हे मूल आणि माहेर-सासर दोन्हींचा आधार नाही, अशा अवस्थेत त्या पुण्याला आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. तेथे त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे साक्ष देताना स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर व स्त्री शिक्षिका यांची गरज प्रतिपादन केली.

वैद्यकीय शिक्षण घ्यावे, या हेतूने १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील धर्मभगिनींच्या मठात त्यांची राहण्याची सोय झाली. श्रवणदोषामुळे वैद्यकीचा मार्ग पुढे बंद झाला, पण तेथेच त्यांच्या आयुष्याने वेगळे वळण घेतले. या भगिनींनी लंडनमधील फुलहॅम येथे चालविलेला एक आश्रम त्यांनी पाहिला. ज्यांना समाज पतिता म्हणून दूर लोटतो, अशा स्त्रियांना तेथे मायेने सांभाळले जात होते. अशा स्त्रियांविषयी इतका जिव्हाळा कोठून येतो, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखविली. हीन मानलेल्या जातीच्या आणि लोकांच्या नजरेतून उतरलेल्या त्या स्त्रीकडे येशू पाणी मागतो आणि बरोबरीच्या नात्याने तिच्याशी बोलतो. जन्मभर शास्त्रे वाचलेल्या रमाबाईंना या प्रसंगाने हलवून सोडले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या धर्मांतराने महाराष्ट्रात खळबळ उडाली. सुधारकांनाही ते रुचले नाही. महात्मा फुले यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली. एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. ज्यांच्याकडून रमाबाईंनी दीक्षा घेतली, त्यांनाही त्या पूर्णपणे आपल्या वाटल्या नाहीत. चर्चचे काही सिद्धान्त त्यांनी डोळे मिटून स्वीकारले नाहीत. बायबल आपण स्वतः वाचणार आणि आपल्या सद्सद्विवेकाला पटेल तेच मानणार, हा त्यांचा आग्रह होता. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशासाठी, संस्कृत का नको, असा वाद त्यांनी घातला. शाकाहार त्यांनी सोडला नाही. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू नये, असे बिशपांनी सुचवले, तेव्हा त्या संतापल्या. एका शास्त्रीमंडळाच्या हुकमतीतून सुटून दुसऱ्याच्या हुकमतीत जायला त्या तयार नव्हत्या. ग्रंथाचे मार्गदर्शन घ्यायचे ते जगण्यासाठी, कोणापुढे मान तुकविण्यासाठी नव्हे, ही त्यांची धारणा शेवटपर्यंत कायम राहिली.

१८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये तेथे गाजले. त्याच वर्षी बॉस्टनमध्ये रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळाले. मायदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी ‘शारदा सदन’ सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्याला हलविले. येथेच शिकलेल्या गोदूबाई १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाल्या.

शारदा सदनात धर्माच्या बाबतीत तटस्थता राखायची, असे ठरले होते. मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक होती. रमाबाई स्वतःच्या खोलीत प्रार्थना करीत, पण दार बंद करीत नसत. काही मुली आपण होऊन तेथे येऊन बसू लागल्या. यावरून पुण्यात काहूर उठले. ‘केसरी’ने कडक टीका केली. अखेर १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. कोणावर सक्ती करायची नाही आणि येणाऱ्याला हाकलायचेही नाही, ही आपली भूमिका रमाबाईंनी बदलली नाही. त्यांच्या टीकाकारांच्या शंकेला आधार होता, हेही मान्य करावे लागेल. जी मुलगी सर्वस्वी आश्रयदात्यावर अवलंबून आहे, तिची निवड कितपत मोकळी असते, हा प्रश्न तेव्हा खरा होता आणि आजही खरा आहे. १८९६ मध्ये कर्व्यांनी पुण्यात हिंदू वळणाची विधवांसाठी वेगळी संस्था काढली. टीकेला कामाने दिलेले ते उत्तर होते आणि त्याचा लाभ समाजालाच झाला.

त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्या ऐकून रमाबाईंना आपल्या मातापित्यांचे अखेरचे दिवस आठवले. आता त्या शांत बसू शकल्या नाहीत. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदतकेंद्रांच्या आसपास उपाशी मुलींना फसवून नेणारी माणसे वावरत होती, हे त्यांनी पाहिले. पैशाची तरतूद नसताना त्यांनी मुली आणावयास प्रारंभ केला आणि १८९७ मध्ये सुमारे तीनशे जणींना आश्रय दिला. पुण्यात तेव्हा प्लेगचे थैमान चालू होते. इतक्या जणींना शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. केडगाव येथे फळबागेसाठी घेतलेली सुमारे शंभर एकर जमीन त्यांच्याकडे होती. तेथे तंबू आणि झोपड्या उभारून त्यांनी सर्वांना नेले. हेच पुढचे ‘मुक्ती सदन’. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध त्यांनी वृत्तपत्रातून आवाज उठविला आणि सरकारची नाराजी ओढवून घेतली. गोऱ्या राज्यकर्त्यांचा धर्म आपलाच आहे, म्हणून त्यांच्या चुकांवर पांघरूण घालावे, असे त्यांना वाटले नाही.

१९००च्या भीषण दुष्काळात गुजरात आणि इतर भागांतून आणखी शेकडो स्त्रिया व मुली आल्या आणि मुक्ती सदनाची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या माणसांना नुसते खाऊ घालून भागणार नव्हते. विहिरी खणल्या, शेती केली, गाई पाळल्या, विणकाम आणि तेलघाणी सुरू झाली, शाळा भरू लागल्या. पुढे छापखानाही आला. अंध मुलींसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण सुरू झाले. त्यात मनोरमाबाईंचा मोठा वाटा होता. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ निघाले. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट केडगावच्या मातीत अशा रीतीने उभी राहिली.

रस्त्याकडेला लुटून टाकलेल्या वाटसरूला पाहून धर्माचे अधिकारी वाट बदलून निघून जातात आणि परक्या जमातीचा शोमरोनी मनुष्य थांबून त्याच्या जखमा बांधतो, हा दृष्टांत प्रसिद्ध आहे. शेजारी कोण, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. आपल्याकडे शेजारधर्म म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या घराशी राखायचे नाते. रमाबाईंनी त्याची हद्द मध्य प्रांतातील अनोळखी खेड्यांपर्यंत वाढवली.

मराठवाड्याच्या शेजारीही त्यांचे काम पोहोचले होते. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात निजामाच्या राज्यातील गुलबर्गा येथे त्यांनी शाळा काढली आणि मनोरमाबाईंनी तिची धुरा वाहिली. नांदेड तेव्हा त्याच राज्यात होते आणि आजच्या लातूर जिल्ह्याचा बहुतेक प्रदेशही. मुलींच्या शिक्षणाच्या बाबतीत हा सारा मुलूख तेव्हा फार मागे होता.

आयुष्याची शेवटची वर्षे रमाबाईंनी बायबलच्या मराठी भाषांतराला वाहिली. उपलब्ध भाषांतराची संस्कृतप्रचुर भाषा मुक्तीतल्या अल्पशिक्षित बायकांना समजत नसे. स्वतः संस्कृत पंडिता असलेल्या या विदुषीने त्यांच्यासाठी सोपी मराठी निवडली. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. या ग्रंथाच्या जुळणीचे आणि छपाईचे काम मुक्तीच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केले. ज्या ग्रंथाच्या आधारे आपण जगलो, तो आपल्या आश्रयाला आलेल्या बाईला मध्यस्थावाचून वाचता यावा, यासाठी हा सारा खटाटोप होता.

१९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. एकुलत्या एक मुलीचे दुःख पोटात घालून रमाबाई भाषांतराच्या मुद्रितशोधनात गढून राहिल्या आणि ते हातावेगळे करून ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथेच त्यांनी देह ठेवला. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढले.

महाराष्ट्राने रमाबाईंना दीर्घकाळ त्यांच्या धर्मांतरावरूनच ओळखले. त्यांच्या नावावर कोणी गौरवाने बोलले, कोणी रागाने. केडगावला आणलेल्या मुलींपैकी अनेकींची नावेही इतिहासाला ठाऊक नाहीत. पण त्या जगल्या, शिकल्या, शिक्षिका झाल्या, परिचारिका झाल्या, संसाराला लागल्या. मुक्ती मिशनचे काम आजही केडगावात सुरू आहे. पाण्याची आणि पावसाची वाट पाहणे ज्यांच्या पाचवीला पुजले आहे, अशा आपल्या भागातील प्रवाशाने दौंड सुटल्यावर त्या स्थानकाची पाटी एकदा तरी जाणीवपूर्वक वाचावी.