सर सय्यद यांची झोळी आणि कॉलेजचे मैदान

शाळेची इमारत बांधायची म्हटली की समाजातील दानशूर मंडळी पुढे येतात. कोणी वर्गखोली बांधून देतो, कोणी पाण्याची टाकी, तर कोणी आपल्या वालिद-वालिदांच्या नावाने ग्रंथालयाला पुस्तकांचे कपाट देतो. परंतु मैदान सपाट करावयाचे आहे, मुलांना क्रिकेटचे साहित्य घ्यावयाचे आहे, संघाला बाहेरगावच्या सामन्यांसाठी पाठवावयाचे आहे, असे सांगितले की हात आखडतात. मुले शिकावीत म्हणून शाळेत पाठवली, खेळावीत म्हणून नव्हे, असा विचार पुष्कळांच्या मनात असतो. शिवाय मैदानावर देणगीदाराच्या नावाची पाटी बसविण्याची सोय नसते! हा अनुभव आपल्याकडे गावोगावच्या शिक्षणसंस्थांना येतो. भारतातील मुस्लिमांच्या आधुनिक शिक्षणाचा पाया घालणारे सर सय्यद अहमद खान यांनी कॉलेजसाठी चंदा कसा जमविला आणि त्या कॉलेजात खेळाला कोणते स्थान मिळाले, हे पाहिले तर या प्रश्नावर पुष्कळ प्रकाश पडतो.

सय्यद अहमद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. त्यांचे घराणे मोगल दरबाराशी संबंधित होते. आजोबा ख्वाजा फरीदुद्दीन हे बादशहा दुसरा अकबरशहा याचे वजीर होते. वडील मीर मुत्तकी हे विरक्त वृत्तीचे, परंतु पोहण्यात आणि तिरंदाजीत निष्णात होते. या दोन्ही विद्या त्यांनी आपल्या मुलाला स्वतः शिकविल्या. यमुनेत पोहणाऱ्यांचे मेळे भरत, तिरंदाजीच्या बैठका होत, आणि त्यांत लहानगा सय्यद अहमद हौसेने भाग घेई. म्हणजे खेळ ही इंग्रजांकडून उसनी घेतलेली गोष्ट आहे, हा समज त्यांच्या घरात तरी नव्हता.

आई अजीजुन्निसा बेगम या करारी आणि धर्मशील होत्या. लहानपणी सय्यद अहमद यांनी एका वृद्ध नोकराला मारले, तेव्हा आईने त्यांना घराबाहेर काढले आणि नोकराची माफी मागितल्याशिवाय घरात घेतले नाही. घरात येणाऱ्या उत्पन्नातला ठराविक हिस्सा त्या गोरगरिबांसाठी बाजूला काढून ठेवीत. देण्याची सवय ही श्रीमंतीवर अवलंबून नसते, ती घरातल्या शिस्तीवर अवलंबून असते, हा धडा त्यांना आईच्या पदराआडच मिळाला.

१८३८ साली वडील वारले आणि सय्यद अहमद यांनी कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरी धरली. १८४१ मध्ये ते मुन्सफ झाले. नोकरी सांभाळून त्यांनी दिल्लीच्या जुन्या इमारतींवर आसारुस्सनादीद हा ग्रंथ लिहिला. तो १८४७ साली प्रसिद्ध झाला. १८५७ च्या उठावाच्या वेळी ते बिजनौरला होते. तेथील इंग्रज कुटुंबांचे प्राण त्यांनी वाचविले. परंतु दिल्लीत त्यांच्या स्वतःच्या घराची वाताहत झाली. आई अन्नपाण्यावाचून हाल सोसत राहिली आणि मेरठला आणल्यावर थोड्याच दिवसांत वारली. या आघाताने ते देश सोडून जाण्याच्या विचारापर्यंत आले होते. अखेर त्यांनी येथेच राहून समाजाला शिक्षणाच्या मार्गाने उभे करण्याचा निश्चय केला.

१८५९ साली मुरादाबाद येथे त्यांनी पहिली शाळा काढली. तेथेच दुष्काळात अन्नवाटपाचे काम त्यांच्याकडे आले. लोकांचा पैसा आणि लोकांचे दुःख एकाच वेळी सांभाळण्याचा तो त्यांचा मोठा अनुभव होता. पुढे गाझीपूरला त्यांनी शाळा काढली आणि १८६४ साली तेथेच सायंटिफिक सोसायटी स्थापन केली. इंग्रजीतील उपयुक्त ग्रंथांचे उर्दू भाषांतर करण्याचे काम ही संस्था करी. नंतर ती अलीगढला हलविण्यात आली. राजा जयकिशन दास हे या कामातील त्यांचे निकटचे सहकारी आणि स्नेही होते.

१८६९ मध्ये मुलगा सय्यद महमूद याला शिष्यवृत्ती मिळाली, तेव्हा स्वतःचे घर गहाण टाकून ते मुलांबरोबर इंग्लंडला गेले. तेथे सतरा महिने राहून त्यांनी केंब्रिजसारख्या निवासी विद्यापीठांची व्यवस्था बारकाईने पाहिली. विद्यार्थी आणि अध्यापक एका आवारात राहतात, एकत्र जेवतात, वादविवाद करतात, संध्याकाळी मैदानावर उतरतात, आणि या सगळ्यातून माणूस घडतो, हे त्यांनी हेरले. १८७० च्या अखेरीस परत येताच त्यांनी तहजीबुल अखलाक हे नियतकालिक सुरू केले आणि बनारस येथे मुस्लिमांच्या शिक्षणाचा विचार करणारी समिती नेमली. १८७२ मध्ये कॉलेजसाठी निधी जमविणारी समिती अस्तित्वात आली आणि सर सय्यद यांच्या आयुष्यातील चंद्याचे पर्व सुरू झाले.

हे काम सोपे नव्हते. एका बाजूला समाज गरीब झालेला, जमीनदार कर्जात बुडालेले. दुसऱ्या बाजूला त्यांच्या धार्मिक मतांमुळे त्यांच्यावर कुफ्राचे फतवे निघाले. त्यांच्या कॉलेजला मदत करणे हेच पाप, असा प्रचार झाला. अशा वेळी त्यांनी आपल्या वैयक्तिक मतांचा कॉलेजच्या धर्मशिक्षणाशी संबंध ठेवला नाही आणि ते काम इतरांच्या हाती सोपविले. वाद स्वतःच्या अंगावर घ्यावा, पण संस्थेच्या अंगावर येऊ देऊ नये, ही त्यांची रीत होती.

चंदा जमविण्याचे त्यांचे मार्ग नाना प्रकारचे होते. वर्गणीदारांची नावे आणि रकमा ते आपल्या पत्रातून छापीत. लहान रक्कम देणाऱ्याचे नाव आवाराच्या कुंपणभिंतीतील दगडावर, मोठी रक्कम देणाऱ्याचे नाव वसतिगृहाच्या खोलीवर आणि त्याहून मोठी रक्कम देणाऱ्याचे नाव मुख्य सभागृहात कोरले जाई. लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी स्वतःच्या खिशातून शिष्यवृत्तीसाठी १०,००० रुपये दिले. हैदराबादचा निजाम आणि सर सालारजंग, पतियाळाचे महाराज यांच्यापासून सामान्य कारकुनापर्यंत सर्वांकडे त्यांनी हात पसरला. मागताना त्यांनी धर्म पाहिला नाही आणि कॉलेजचे दरवाजेही हिंदू मुलांना खुले ठेवले. या कॉलेजचे पहिले पदवीधर ईश्वरी प्रसाद हे होते.

कोणी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी देऊ केली तर त्या मेजवानीचा खर्च रोख द्यावा, असे ते सुचवीत. नातू रॉस मसूद याच्या बिस्मिल्लाच्या वेळी जेवणावळी न घालता त्यांनी ती रक्कम कॉलेजला दिली. अलीगढच्या प्रदर्शनात त्यांनी पुस्तकांचे दुकान मांडले आणि स्वतः बसून पुस्तके विकली. सोडत काढली, तेव्हा धर्ममार्तंडांनी आक्षेप घेतला. तरीही ती पार पाडली. वयाची सत्तरी ओलांडल्यावर कॉलेजच्या मदतीसाठी ते रंगमंचावर उभे राहिले आणि प्रेक्षकांपुढे त्यांनी काव्य म्हटले. ज्या घराण्यातील पुरुष वजीर झाले, त्या घराण्यातील वृद्धाने लोकांच्या करमणुकीसाठी मंचावर यावे, हे त्या काळच्या शरीफ लोकांना लाजिरवाणे वाटले. सर सय्यद यांना मात्र स्वतःसाठी मागण्याची लाज होती. कौमच्या मुलांसाठी मागण्याची नव्हती. त्यांच्या झोळीविषयी अनेक दंतकथा सांगितल्या जातात. त्या बाजूला ठेवल्या तरी घडलेल्या गोष्टी काही कमी नाहीत.

जमिनीचा प्रश्नही असाच सुटला. अलीगढच्या जुन्या लष्करी छावणीची सुमारे ७४ एकर जागा त्यांनी मागितली. आरंभी सरकारी अधिकाऱ्यांनी अडथळे आणले. पुढे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन स्ट्रॅची यांच्यामुळे ती मिळाली. त्यांच्याच नावाने कॉलेजचे स्ट्रॅची हॉल उभे राहिले. २४ मे १८७५ रोजी शाळेचे उद्घाटन झाले. त्या वेळी सर सय्यद बनारसला नोकरीत असल्यामुळे दैनंदिन कारभार मौलवी समीउल्ला खान यांनी पाहिला. १८७६ मध्ये निवृत्त होऊन सर सय्यद अलीगढला कायमचे राहावयास आले. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली.

आता येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी की, पैशाची एवढी चणचण असतानाही खेळाला प्रारंभापासून स्थान मिळाले. इमारती अर्ध्या बांधून पडल्या होत्या, पण मैदान रिकामे नव्हते. १८७८ च्या सुमारास गणिताचे अध्यापक पंडित रमाशंकर मिश्र यांनी क्रिकेट क्लब सुरू केला. खेळाडूंना निळा कोट आणि टोपी असा खास पोशाख ठरला. १८८३ मध्ये केंब्रिजहून थिओडोर बेक हे तरुण प्राचार्य आले, पाठोपाठ थिओडोर मॉरिसन आले आणि मैदानावरील जीवनाला आणखी बळ मिळाले. घोडेस्वारीचीही सोय झाली. नमाज, वर्ग, वादविवाद सभा आणि खेळ असा दिवसाचा क्रम बसला. सर सय्यद यांनी खेळाला अभ्यासाचा शत्रू मानले नाही. पराभूत आणि उदास झालेल्या समाजातील मुलाने ताठ उभे राहावे, नियम पाळावेत, आपल्या संघनायकाचे ऐकावे आणि हरल्यावरही प्रतिपक्षाशी हात मिळवावा, हे शिक्षण केवळ पुस्तकातून मिळण्यासारखे नव्हते.

या शिक्षणाचे फळ चंद्याच्या कामातही दिसले. १८९० साली आफताब अहमद खान यांच्या पुढाकाराने विद्यार्थ्यांनी अंजुमन-अल-फर्ज ही संस्था काढली. सुट्टीत हे विद्यार्थी गावोगाव जाऊन गरीब विद्यार्थ्यांसाठी वर्गणी गोळा करीत. वृद्ध संस्थापकाची झोळी तरुणांनी खांद्यावर घेतली ती अशी.

परंतु या चरित्रात एक काळे पानही आहे आणि ते वगळणे योग्य होणार नाही. १८९५ साली असे उघडकीस आले की, कॉलेजच्या मुख्य कारकुनाने एक लाख रुपयांहून अधिक रकमेचा अपहार केला आहे. सर सय्यद यांच्या प्रामाणिकपणाविषयी शत्रूलाही शंका नव्हती. पण सगळा कारभार त्यांनी स्वतःच्या हाती ठेवला होता आणि हिशेब एका माणसाच्या भरवशावर सोडला होता. याआधी १८८९ मध्ये विश्वस्तांच्या नियमांवरून आणि आपल्यामागे सय्यद महमूद यांना चिटणीस नेमण्यावरून मतभेद होऊन समीउल्ला खान दूर झाले होते. दारोदार फिरून जमविलेला पैसा असा गेला, याचा धक्का वृद्ध मनाला मोठा होता. संस्था कर्जात गेली, विद्यार्थ्यांची संख्या घसरली. २७ मार्च १८९८ रोजी सर सय्यद यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी मालमत्ता उरली नव्हती. आणखी एक उणीव सांगावीशी वाटते. मुलींच्या शाळेला त्यांनी आपल्या हयातीत अग्रक्रम दिला नाही. ते काम शेख अब्दुल्ला यांनी १९०६ मध्ये अलीगढला सुरू केले.

तरीही लावलेले झाड वाळले नाही. नवाब मोहसिनुल मुल्क यांनी संस्थेची घडी पुन्हा बसविली. सर सय्यद यांनी १८८६ मध्ये सुरू केलेल्या शिक्षण परिषदेचे अधिवेशन डिसेंबर १९०३ मध्ये मुंबईत भरले आणि त्याचे अध्यक्षस्थान १८७४ पासून अंजुमन-ए-इस्लामची धुरा वाहणारे न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी भूषविले. १९११ मध्ये कॉलेजचे विद्यापीठ करण्यासाठी आगाखान यांच्या नेतृत्वाखाली ३० लाख रुपयांचा निधी उभारण्याची मोहीम निघाली. त्या दौऱ्यात आगाखान यांच्याबरोबर फिरणारे शौकत अली हे एके काळी कॉलेजच्या क्रिकेट संघाचे नायक होते. मैदानावर संघ चालविणाऱ्या या तरुणाने पुढे विद्यापीठासाठी झोळी धरली, याहून खेळाच्या उपयोगाचा दुसरा पुरावा कशाला हवा? त्याच वर्षी इंग्लंडला गेलेल्या अखिल भारतीय क्रिकेट संघात अलीगढचे खेळाडू होते. १९२० मध्ये अलीगढ मुस्लिम विद्यापीठ स्थापन झाले आणि भोपाळच्या सुलतान जहाँ बेगम त्याच्या पहिल्या कुलपती झाल्या. याच विद्यापीठात खेळलेले जफर इक्बाल १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय हॉकी संघात होते.

पालक बंधु-भगिनींनो, या चरित्रातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, वर्गणी मागणाऱ्याने संकोच धरू नये आणि देणाऱ्याने उपकाराची भावना ठेवू नये. दुसरी, जमलेला प्रत्येक पैसा ही अमानत आहे. तिचा हिशेब एकाने लिहावा, दुसऱ्याने तपासावा आणि सर्वांनी पाहावा. कितीही थोर माणूस असला तरी या नियमाला अपवाद नाही. तिसरी, इमारत पूर्ण झाल्यावर खेळाचे पाहू, असे म्हणत राहिलो तर एक पिढी भिंतीकडे पाहतच मोठी होईल. मैदानासाठी दिलेल्या रुपयावर नाव कोरता येत नाही हे खरे. ते नाव मुलांच्या आणि मुलींच्या अंगी लागते.

आणि विद्यार्थी मित्रांनो, अलीगढच्या त्या विद्यार्थ्यांप्रमाणे तुम्हीही सुट्टीतले चार दिवस आपल्या शाळेसाठी द्या. ज्या मैदानावर खेळावयाचे, त्याचे दगड आधी स्वतःच्या हातांनी वेचावेत. तुमचे हात मातीने भरलेले पाहिले की वडीलधाऱ्यांचे हात आपोआप खिशाकडे जातील.