हिंगणघाटात विसावलेला पृथ्वीमापक

डोंगरदऱ्यांतून भटकंती करणाऱ्यांना एखाद्या उंच माथ्यावर दगडी चौथरा दिसतो, तर कुठे खडकात कोरलेले वर्तुळ आणि त्याच्या मध्यभागी टिंब आढळते. क्षणभर विसावा घेऊन, छायाचित्रे काढून मंडळी पुढे निघतात. सर्वेक्षण खात्याच्या नकाशावर अशी जागा छोट्या त्रिकोणाने दाखवलेली असते. भारतभर पसरलेल्या या खुणांच्या जाळ्याचा प्रारंभ ज्यांनी केला, ते लेफ्टनंट कर्नल विल्यम लॅम्ब्टन आपल्याच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे चिरनिद्रा घेत आहेत. २० जानेवारी २०२३ रोजी त्यांच्या निधनाला २०० वर्षे पूर्ण झाली. एव्हरेस्ट हे नाव शाळकरी मुलांनाही पाठ असते. एव्हरेस्ट यांनी ज्यांच्या हाताखाली काम केले, त्या लॅम्ब्टन यांचे नाव मात्र विदर्भातही फारसे कोणाला ठाऊक नाही.

इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील नॉर्थअॅलर्टन गावाजवळ, एका सामान्य कुटुंबात अठराव्या शतकाच्या मध्यास लॅम्ब्टन यांचा जन्म झाला. गणिताच्या बळावर ते पुढे आले. १७८१ मध्ये सैन्यात दाखल होऊन ते अमेरिकेतील युद्धावर गेले आणि यॉर्कटाउनच्या पराभवात कैदी झाले. सुटकेनंतर सुमारे तेरा वर्षे त्यांनी कॅनडातील न्यू ब्रन्सविक प्रांतात बरॅकींच्या देखरेखीचे काम केले. या एकाकी काळात गणित, खगोलशास्त्र आणि भूमापन हेच त्यांचे सोबती होते. चाळिशी उलटल्यावर ते ३३ व्या पलटणीसह भारतात आले. पलटणीचे प्रमुख होते आर्थर वेलस्ली, म्हणजेच पुढे वॉटर्लू गाजवणारे ड्यूक ऑफ वेलिंग्टन.

१७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्धच्या मोहिमेत एका रात्री जनरल बेअर्ड यांची तुकडी वाट चुकली. ती उत्तरेकडील आपल्या छावणीऐवजी दक्षिणेला शत्रूच्या दिशेने चालली आहे, हे लॅम्ब्टन यांनी आकाशातील तारे पाहून ओळखले. होकायंत्रानेही त्याला दुजोरा दिला आणि अनर्थ टळला. युद्ध संपताच त्यांनी कंपनी सरकारपुढे एक विलक्षण योजना मांडली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी जोडत दक्षिण भारत मोजायचा आणि त्याच ओघात पृथ्वीचा नेमका आकारही शोधायचा, असा तिचा आशय होता.

त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यालगतचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने काढता येतात, हे शाळेतील साधे तत्त्व या कामाच्या मुळाशी आहे. काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते आणि डोंगरमाथ्यावरून डोंगरमाथ्यावर साखळी सरकत जाते. मात्र पहिलीच बाजू चुकली, तर पुढचे सारे चुकते. म्हणून १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या परिसरात साडेसात मैलांची पायारेषा मोजण्यास प्रारंभ झाला. शंभर फुटी पोलादी साखळी लाकडी पेट्यांत, तिकाट्यांवर आडवी ठेवली जाई. उन्हाने धातू प्रसरण पावतो, म्हणून वर सावली आणि शेजारी तापमापक असे. साखळी पुढे उचलत चारशे मापे घेण्यास ५७ दिवस लागले. ही साखळी चीनच्या सम्राटाला भेट म्हणून पाठवण्यात आली होती; तेथे नाकारली गेल्याने ती भारतात आली.

कोन मोजणाऱ्या थिओडोलाइटची कथा याहून रंजक आहे. लंडनमध्ये तयार झालेले हे अर्ध्या टनाचे यंत्र घेऊन येणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. यंत्राचा उपयोग कळल्यावर तेथील फ्रेंच गव्हर्नरने शत्रुत्व बाजूला ठेवून ते सन्मानपूर्वक मद्रासला पाठवले. मद्रास ते मंगळूर हे अंतर तेव्हाच्या नकाशांत ४०० मैल होते. लॅम्ब्टन यांच्या गणिताने ते ३६० मैलच भरले आणि जुने नकाशे निकालात निघाले.

१८०८ मध्ये हे काम तंजावरला पोहोचले. गादीवर होते भोसले घराण्यातील विद्याप्रेमी सरफोजीराजे. सपाट मुलखात डोंगर नाही, म्हणून बृहदीश्वर मंदिराच्या उत्तुंग विमानावर यंत्र चढवायचे ठरले. वर खेचताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून त्याची मोजपट्टी वेडीवाकडी झाली. दुसरे कोणी खचले असते. लॅम्ब्टन यांनी तंबूत स्वतःला कोंडून घेतले आणि सुमारे सहा आठवडे खपून ते यंत्र पुन्हा कामाजोगे केले.

७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास कन्याकुमारीहून उत्तरेकडे जाणारी त्यांची साखळी १८१५ मध्ये बिदरला पोहोचली. पृथ्वी ध्रुवांशी किंचित चपटी असल्याने एका अंशाची लांबी सर्वत्र सारखी नसते. या फरकाचा हिशेब त्यांच्या मोजणीतून मिळत गेला. लंडनच्या रॉयल सोसायटीने आणि पॅरिसच्या विज्ञान अकादमीने त्यांचा गौरव केला. १८१८ मध्ये या कामाला ग्रेट ट्रिगोनॉमेट्रिकल सर्व्हे हे नाव मिळाले आणि जॉर्ज एव्हरेस्ट त्यांचे मुख्य साहाय्यक झाले.

या कामाची दुसरी बाजूही विसरता येत नाही. अचूक नकाशे कंपनीला लष्कराच्या हालचालींसाठी आणि महसुलासाठी हवे होते. यंत्रे उचलणारे, जंगल तोडून माथे मोकळे करणारे, रात्र रात्र निशाणाजवळ दिवे तेवत ठेवणारे शेकडो भारतीय ताप आणि श्वापदे यांच्याशी झुंजले. त्यांची नावे इतिहासात फारशी उरली नाहीत.

सत्तरीच्या घरात पोहोचलेल्या, क्षयाने पोखरलेल्या लॅम्ब्टन यांनी अखेरपर्यंत छावणी सोडली नाही. हैदराबादहून नागपूरकडे जाताना हिंगणघाट येथे २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर दीड लाख चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्यांच्या त्रिकोणांनी व्यापला होता.

एव्हरेस्ट यांनी ही साखळी १८४१ पर्यंत हिमालयाच्या पायथ्याशी नेऊन पोहोचवली. त्याच मोजणीच्या आधारे पुढे शिखर क्रमांक १५ जगात सर्वोच्च असल्याचे निष्पन्न झाले. त्या आकडेमोडीत राधानाथ सिकदर या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता. १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. लॅम्ब्टन यांच्या वाट्याला आली ती वणाकाठच्या हिंगणघाटातील कबर.

आज उपग्रह क्षणार्धात आपले स्थान सांगतात. तरीही माथ्यावरचा तो चौथरा आणि ते कोरीव टिंब ही देशाच्या मोजणीची पहिली अक्षरे आहेत. भटकंतीत ती आढळली, तर त्यांवर नाव कोरण्याचा किंवा दगड हलवण्याचा मोह टाळावा. आणि नागपूर-हैदराबाद मार्गावर हिंगणघाट लागले, तर वाट थोडी वाकडी करून या पृथ्वीमापकासमोर क्षणभर थांबावे. तेवढे देणे आपण नक्कीच लागतो.