नियमांच्या फटीतून धावलेला माणूस : कॉलिन चॅपमन

मित्रांनो, नियम म्हटलं की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात. एक तर गुपचूप पाळायचे, नाहीतर गुपचूप मोडायचे! पण इंजिनीअरिंगच्या जगात एक माणूस असा होऊन गेला की ज्याने तिसरा रस्ता शोधला. तो नियमांचं पुस्तक टेक्स्टबुकसारखं वाचायचा, ओळ न् ओळ, आणि त्यात काय लिहिलंय यापेक्षा काय लिहायचं राहून गेलंय ते शोधायचा. त्याचं नाव अँथनी कॉलिन ब्रूस चॅपमन, लोटस गाड्यांचा जनक. रविवारी टीव्हीवर फॉर्म्युला वन पाहणाऱ्यांना हे नाव ठाऊक असेलच. बाकीच्यांनीही ओळख करून घ्यावी असाच हा माणूस होता.

चॅपमनचा जन्म १९ मे १९२८ चा, लंडनजवळच्या रिचमंडचा. वडील लंडनमध्ये हॉटेल चालवायचे. कॉलिनने लंडन विद्यापीठात शिक्षण घेतलं ते मेकॅनिकलचं नव्हे, तर स्ट्रक्चरल इंजिनीअरिंगचं. (सिव्हिलवाल्यांनी कॉलर ताठ करायला हरकत नाही!) कॉलेजात असतानाच तो विमान चालवायला शिकला आणि जुन्या गाड्या विकण्याचा धंदाही करू लागला. १९४८ साली त्याने एका जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी तयार केली. १९५२ मध्ये लोटस कंपनी सुरू झाली ती त्याच्या मैत्रिणीने, हेझलने दिलेल्या २५ पौंडांच्या भांडवलावर. पुढे १९५४ साली दोघांचं लग्न झालं.

नियमांशी त्याची पहिली झटापट १९५१ चीच. ऑस्टिन सेव्हनच्या इंजिनात चार सिलिंडर, पण हवा आत घ्यायला पोर्ट दोनच. दोन-दोन सिलिंडरना एकाच दारातून श्वास घ्यावा लागायचा. चॅपमनने त्या दारांत मधोमध पडदे बसवले आणि प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र वाट करून दिली. त्याची गाडी इतकी पुढे पळू लागली की क्लबने नियम बदलून ही युक्तीच बंद केली. चॅपमन तेव्हा तेवीस वर्षांचा होता. म्हणजे आपल्या फायनल इयरपेक्षा जरासाच मोठा!

त्याचा सगळ्यात आवडता सिद्धांत म्हणजे हलकेपणा. आपल्या जिल्ह्यात हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. कापूस भरायची बंडी वेगळी आणि शंकरपटात पळवायचा छकडा वेगळा. बैल तेच असले तरी पटात कोणी बंडी जुंपत नाही. ताकद वाढवली तर गाडी सरळ रस्त्यावर जोरात पळेल, पण वजन कमी केलं तर वळणावरही, ब्रेकलाही आणि चढावरही फायदा होईल, असं त्याचं गणित होतं. याच विचारातून १९६२ साली लोटस २५ आली. तिच्यात नळ्यांच्या सांगाड्याऐवजी विमानासारखी पत्र्याची पेटीच चासिसचं काम करत होती. त्यालाच मोनोकॉक म्हणतात. १९६३ आणि १९६५ मध्ये जिम क्लार्क लोटसमधून वर्ल्ड चॅम्पियन झाला. एप्रिल १९६८ मध्ये हॉकेनहाइमला क्लार्क रेसमध्येच गेला. चॅपमनसाठी तो जिवलग मित्र होता.

आता येऊ या हवेच्या भांडणाकडे. विमानाचा पंख हवेच्या जोरावर वर उचलला जातो. तोच पंख उलटा करून गाडीवर बसवला तर गाडी खाली दाबली जाते. वजन न वाढवता टायरवरचा दाब वाढतो आणि वळणावर पकड मिळते. १९६८ साली लोटससकट बऱ्याच टीम्सनी असे विंग लावले. चॅपमनने आपला मागचा विंग उंच काठ्यांवर उभा केला आणि त्या काठ्या बॉडीला न जोडता थेट मागच्या चाकांजवळ सस्पेन्शनला जोडल्या. विचार अगदी सरळ होता. दाब टायरला हवाय, मग तो स्प्रिंगमधून फिरून कशाला न्यायचा?

पण काठ्या बारीक होत्या. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या मोंजुईक सर्किटवर एका उंचवट्यावरून जाताना ग्रॅहम हिलच्या लोटसचा विंग मोडला. काही लॅप्सनंतर त्याच ठिकाणी जोखेन रिंटच्या लोटसचाही मोडला आणि त्याची गाडी हिलच्या पडलेल्या गाडीवर जाऊन आदळली. हिल वाचला, रिंट जखमी झाला. विंग बंद करा, असं रिंटने जाहीरपणे लिहिलं. त्याच महिन्यात मोनॅकोला पहिला सराव झाल्यावर अधिकाऱ्यांनी उंच विंगवर बंदी घातली. नंतर नियम पक्का झाला तो असा : हवेचा परिणाम करणारा कुठलाही भाग गाडीच्या स्प्रिंगवर टेकलेल्या भागालाच घट्ट बसवलेला हवा आणि तो हलता कामा नये. हा नियम नीट लक्षात ठेवा, पुढची सगळी कहाणी त्याच्यावरच उभी आहे.

रिंट पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९७० मध्ये मोंझाला सरावात मरण पावला. त्या दिवशी त्याच्या लोटस ७२ वर विंग नव्हते, सरळ रस्त्यावर वेग मिळावा म्हणून ते काढले होते. त्या वर्षीची चॅम्पियनशिप त्याला मरणोत्तर मिळाली. हलकेपणाच्या नादात लोटस गाड्या नाजूक होतात, ही तक्रार चॅपमनच्या मागे कायम राहिली आणि ती खोटी होती असं म्हणता येत नाही.

१९७७ साली चॅपमनच्या टीमने हवेचा नवा खेळ मांडला. दोन कागद समोरासमोर धरून मध्ये फुंकर मारा, कागद एकमेकांकडे ओढले जातात. वाहती हवा चिंचोळ्या जागेत वेग घेते आणि तिथला दाब कमी होतो. हाच व्हेंचुरी परिणाम लोटस ७८ च्या पोटाखाली वापरला. पीटर राइट आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या विंड टनेलमध्ये मॉडेल तपासून गाडीच्या दोन्ही बाजूंना उलट्या पंखाचा आकार दिला. बाजूने हवा आत शिरू नये म्हणून जमिनीला टेकणाऱ्या पट्ट्या लावल्या, त्यांना स्कर्ट म्हणत. गाडी जणू रस्त्याला चिकटली! पुढच्या लोटस ७९ ने तर कमालच केली. १९७८ च्या १६ रेसपैकी ८ लोटसने जिंकल्या आणि मारिओ आंद्रेती चॅम्पियन झाला. पण त्याच वर्षी मोंझाच्या अपघातानंतर टीमचा दुसरा ड्रायव्हर रॉनी पीटरसन मरण पावला.

त्याच १९७८ च्या जूनमध्ये स्वीडनच्या अँडरस्टॉर्पला ब्रॅबहम टीम मागे मोठा पंखा लावलेली गाडी घेऊन आली. डिझायनर गॉर्डन मरे. पंखा गाडीखालची हवा ओढून घ्यायचा, त्यामुळे गाडी जमिनीला खेचली जायची. मरेचा युक्तिवाद असा की पंखा मुख्यतः इंजिन थंड करायला आहे! निकी लाउडा अर्ध्या मिनिटाहून जास्त फरकाने जिंकला. विरोध करणाऱ्यांत चॅपमनही होता. हा हलणारा भाग आहे, तेव्हा बेकायदेशीर, असं म्हणणं पडलं. गंमत बघा, त्याच्या स्वतःच्या गाडीचे स्कर्टही वर-खाली सरकतच होते! ब्रॅबहमने गाडी मागे घेतली, निकाल मात्र कायम राहिला.

१९८१ साली सरकत्या स्कर्टवर बंदी आली आणि गाडी जमिनीपासून ६ सेंटिमीटर उंच हवी असा नियम झाला. पण उंची मोजणार कुठे? गाडी उभी असताना. मरेने अशी सस्पेन्शन बनवली की वेगात हवेच्या दाबाने गाडी खाली बसायची आणि थांबताना पुन्हा वर यायची. चॅपमनचं उत्तर याहून धाडसी होतं. लोटस ८८ ला चक्क दोन चासिस! आतल्या चासिसमध्ये ड्रायव्हर आणि इंजिन, मऊ स्प्रिंगवर. बाहेरच्या चासिसवर सगळी बॉडी आणि विंग, आणि तिचा दाब थेट चाकांजवळ. म्हणजे १९६८ चीच कल्पना, नव्या कपड्यात. बाहेरचा सांगाडाही स्प्रिंगवरच आहे आणि चासिस एकच हवी असं नियमात कुठे लिहिलंय, असा त्याचा सवाल होता.

प्रतिस्पर्ध्यांनी तक्रारी केल्या. अमेरिका, ब्राझील, अर्जेंटिना, तिन्ही ठिकाणी ८८ ला रेसपासून दूर ठेवलं. अर्जेंटिनाची ती रेस कोणी जिंकली? ब्रॅबहमच्या खाली बसणाऱ्या गाडीने! जुलैमध्ये ब्रिटिश ग्रां प्रीला तिथल्या क्लबने सुधारलेली ८८ पास केली, पण आंतरराष्ट्रीय संस्थेने तो निर्णय फिरवला. ऐनवेळी गाड्या बदलाव्या लागल्या आणि नायजेल मॅन्सेल क्वालिफायसुद्धा झाला नाही. लोटस ८८ एकही रेस धावली नाही.

१६ डिसेंबर १९८२ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी, हृदयविकाराने चॅपमन गेला. त्याच दिवशी त्याची टीम ॲक्टिव्ह सस्पेन्शनची चाचणी घेत होती. सात कन्स्ट्रक्टर्स चॅम्पियनशिप नावावर होत्या. मागे एक डागही राहिला. डीलोरियन कंपनीला मिळालेला ब्रिटिश सरकारचा पैसा वळवल्याच्या प्रकरणात लोटसच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला १९९२ साली तुरुंगवास झाला. चॅपमन हयात असता तर त्यालाही जाब द्यावा लागला असता.

मग लोटस ८८ कायदेशीर होती का? माझ्या मते अक्षराप्रमाणे होती, आणि ब्रॅबहमला सूट देऊन तिला अडवणं हा अन्यायच होता. पण तो नियम कोणी ऑफिसात बसून गंमत म्हणून लिहिलेला नव्हता. मोंजुईकच्या मोडलेल्या विंगमधून तो आला होता, आणि ते विंग लोटसचेच होते. शिवाय १९७८ साली नियमाच्या हेतूवर बोट ठेवणाऱ्यांत चॅपमन स्वतः उभा होता. तीन वर्षांनी तेच बोट त्याच्याकडे वळलं.

काळाचा खेळही बघा. गाडीखालचे व्हेंचुरी बोगदे २०२२ च्या नियमांनी परत आणले, आणि २०२६ च्या नियमांनी हलणारे विंगही मान्य केले. म्हणजे बंदी कायमची नसते. धोका समजला, मोजता आला, की दार पुन्हा उघडतं.

मित्रांनो, आपल्यातले कितीतरी जण उद्या बाहा किंवा सुप्राची गाडी बनवतील, कुणी पूल बांधेल, कुणी बॉयलर. रूलबुक हातात येईलच. चॅपमनसारखं ते बारकाईने जरूर वाचा, फटी शोधा, डोकं लढवा. फक्त प्रत्येक नियमापुढे एक प्रश्न पेन्सिलने लिहून ठेवा : हा नियम कोणाच्या अपघातानंतर आला?